आठ तास, एका बोटावर

सोमवार, ३ फेब्रुवारी

एका डबीचा खरा खर्च: आतलं मलम नऊ, काचेची डबी सोळा, झाकण चार, खोका सात आणि खोक्यावरची सोनेरी अक्षरं अकरा. एकूण सत्तेचाळीस. म्हणजे चेहऱ्याला लागणार ते नऊचं आणि डोळ्यांना दिसणार ते अडतीसचं. छापील किंमत चारशे नव्व्याण्णव ठेवली आहे. मधला फरक आशेचा. आशा बनवायला काही खर्च येत नाही, फक्त ती सांडू नये म्हणून झाकण घट्ट बसलं पाहिजे.

नाव ठरलं, निशाकांती. खोक्यावरची ओळ माझी: 'आठ तासांची झोप, एका बोटावर.' जाहिरातवाल्याने अशा एका ओळीसाठी तीन आठवडे मागितले होते. मला ती दाढी करताना सुचली.

सायकलच्या कॅरिअरला साबणाची पेटी बांधून दारोदार फिरलेला माणूस मी. आतल्या पावलांवरून कळायचं, बाई घेणार की दार तोंडावर आपटणार. त्या कानांवर दोन शेडचा कारखाना उभा राहिला. ते कान आजही झोपत नाहीत. जिन्यावर पाऊल वाजलं तर घंटी वाजायच्या आधी मी अंथरुणात उठून बसलेला असतो. चार तास झोप मला पुरते. तीसुद्धा मांजराची.

आता मुद्दा. कोल्ड क्रीम आणि पावडर यांचे दिवस भरत आले. दुसऱ्या शेडमध्ये पॅकिंगला नऊ बायका आहेत, त्यांना आठवड्यातून तीनच दिवस काम उरलंय. निशाकांती चालली नाही तर ती शेड बंद. चालवू शकेल असं एकच माणूस आहे, दोनशे दुकानांच्या साखळीसाठी माल उचलणाऱ्या मॅडम. त्या १४ मार्चला येणार आहेत. पण अट घातली: "मॉडेलचे फोटो नकोत. ते मी रोज बघते. घरातला एक चेहरा दाखवा, पाच आठवडे लावलेला. आधी आणि नंतर. आणि लेखी नोंदी."

रात्री जेवताना हिला सांगितलं. डोळ्यांखाली हिच्यासारखी वर्तुळं गावात दुसऱ्या कुणाची नाहीत. पोस्टाच्या काउंटरवर बसते, तिथे लोक तिकिटं घेतात आणि तब्येतीची चौकशी करून जातात.

"म्हणजे 'आधी'साठी माझी निवड झाली," ही म्हणाली.

"अगं, 'नंतर'साठीसुद्धा तूच आहेस."

"नंतरचं नंतर बघू. भात घ्या."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फोटोवाला घरी आला. दिवे लावले, मग एकेक विझवले. म्हणाला, "साहेब, 'आधी'च्या फोटोला आम्ही डोळ्यांखाली थोडं काळं लावतो. इथे काही करायलाच नको."

"आभारी आहे," ही म्हणाली.

दुपारी लॅबवाल्या बाईंकडे गेलो. बाई हुशार, बारीक, पांढऱ्या कोटातली, हसायला महाग. त्यांनी हिच्यासाठी नियम काढले आहेत: दहा वाजता मलम, फोन दुसऱ्या खोलीत, आठ तास झोप.

"झोप कशाला मध्ये?" मी म्हटलं.

"साहेब, कातडी दुरुस्तीचं काम रात्री काढते. गाढ झोपेत रक्त वर येतं, नवीन पेशी तयार होतात, दिवसाची झीज भरून निघते. झोप मोडत राहिली की ताण वाढतो, ओल टिकत नाही, चेहरा मातकट होतो, डोळ्यांखाली साकळल्यासारखं दिसतं. मलम बाहेरून हातभार लावतं इतकंच. खरा कारागीर आत आहे, आणि तो रात्रपाळीलाच येतो."

"भाषण झकास. पण यातलं एक अक्षर खोक्यावर जाता कामा नये. कारागीर फुकट येतो हे गिऱ्हाइकाला कळलं तर आपण विकायचं काय?"

"मग निदान वहीत तरी लिहू द्या. वहिनी किती वाजता टेकल्या, किती वेळा उठल्या, सगळं. झोप मोजल्याशिवाय मलमाचं श्रेय कळणार नाही."

"लिहा की! माझ्या भिंतीवर काय रंगवलंय?"

भिंतीवर मीच रंगवून घेतलंय: 'लिहिलं नाही ते झालं नाही.' पहिल्या वर्षी एकाने साबणाच्या घाण्यात सोडा दोनदा टाकला तेव्हापासून.

बाई पुढे बोलत होत्या आणि मी डोळे मिटून विचार करत होतो. डोळे उघडले तेव्हा बाई नव्हत्या, दिवा बंद होता आणि माझ्या अंगावर पांढरा कोट होता. बघणाऱ्याला वाटेल झोप लागली. विचार खोल गेला की माझं असं होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

ही मोटर एक दिवस माझा जीव घेणार.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे पाण्याची मोटर आहे. ती रात्री कधीही चालू होते. आधी घरघर, मग खडखड, मग एकदम बंद, मग भसकन पुन्हा चालू. मला रात्रीतून पाच-सहा वेळा तिच्याने जाग येते. तिखट कानांची ही शिक्षा. गंमत अशी की मी उठून बसलो की ती बंद होते. बनेल मोटर आहे.

आज सकाळी वर गेलोच. मास्तर गणिताचे, निवृत्त, सदरा इस्त्रीचा. सून आणि तीन महिन्यांचं नातवंड घरात.

"मास्तर, तुमची मोटर."

"आमच्याकडे मोटर नाही हो."

"मग रात्रीचा आवाज?"

"आवाज येतो की. आम्हालाही येतो. खालून."

"खालून म्हणजे आमच्याही खालून?"

मास्तरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नापास होणाऱ्या पण स्वभावाने चांगल्या मुलाकडे पाहावं तसं. "आता तुम्हीच शोधून काढा," म्हणाले. आतून त्यांच्या बायकोचा हसण्याचा आवाज आला. त्या बाईंना विनाकारण हसायची सवय आहे.

आमच्या खाली बंद पडलेलं चपलांचं दुकान. आत कुलूप, धूळ आणि एक डाव्या पायाचा बूट. म्हणजे मास्तर खोटं बोलतात.

खाली येऊन हिला म्हटलं, "मोटर नाही म्हणतात."

"हं."

"तुला येतो ना आवाज?"

"सव्वीस वर्षं येतोय."

"आपण इथे येऊन अकराच वर्षं झाली."

"मोटर जुनी आहे," ही म्हणाली आणि चहाला गेली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दहा दिवस झाले. वर्तुळं जागच्या जागी. आज पोस्टात एका म्हातारबुवांनी हिला स्वतःच्या पेन्शनच्या रांगेतून बाहेर येऊन सांगितलं, "बाळ, तू घरी जा."

हिला घेऊन परत येताना सिग्नलला मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून उच्छाद मांडला. लोकांना धीर उरलेला नाही. हिरवा होऊन कितीसा वेळ झाला असेल? फार तर दुसऱ्यांदा हिरवा झाला असेल.

उद्यापासून नऊ दिवस दौऱ्यावर. लहान दुकानदारांना नमुने दाखवून ठेवतो. हिला बजावून सांगितलं, "मी नाही म्हणून झोपेची हेळसांड करू नकोस."

"नाही करणार," ही म्हणाली. आवाजात काहीतरी होतं. विरह असावा.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लॉजचा मॅनेजर माणूस ओळखणारा निघाला. सकाळी स्वतः येऊन म्हणाला, "साहेब, तुम्हाला मागच्या कोपऱ्यातली खोली देतो. सामान मी हलवतो." मागच्या कोपऱ्यातली खोली मोठी आहे, शेजारी फक्त पाण्याची टाकी. ज्यादा भाडंही नाही. माणसाच्या चेहऱ्यावर कष्टाचं तेज असलं की लोक आपण होऊन मान देतात.

माझ्या आधीच्या खोलीशेजारचा औषधविक्रेता मात्र पहाटेच पैसे परत मागून निघून गेला म्हणे. जेवण पचलं नसेल.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज तारीख दोनदा लिहिली. आनंदाने.

काल रात्री घरी पोचलो. हिने दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरून दारावरची पाटी वाचली. वर्तुळं जवळजवळ गेलेली. गाल भरलेले. कपाळ नीट इस्त्री केल्यासारखं. लग्नातल्या फोटोत जी मुलगी माझ्या शेजारी उभी आहे, तिची थोरली बहीण दारात उभी होती.

"अगं!" एवढंच म्हणालो.

"या. थकलेले दिसता."

"मी कसला थकतो! नऊ दिवसांत? नऊ दिवसांत हे?"

"आठ रात्रींत," ही म्हणाली.

सकाळी धावत लॅबमध्ये. बाईंचं डोकं उगाच उलटं चालतं. म्हणाल्या, "साहेब, आपल्या मलमाने नऊ दिवसांत इतका फरक पडणार नाही. आत काही तरी वेगळं घडलंय."

"आत म्हणजे डबीत! तुम्हीच बनवलंत आणि तुमचाच विश्वास नाही."

"मी बनवलंय म्हणूनच."

शास्त्र शिकलेल्या माणसांत ही खोट असते, यश समोर येऊन उभं राहिलं तरी आधी त्याचं ओळखपत्र मागतात. मी थांबलो नाही. हिचा आजच फोटो काढून घेतला आणि दहा हजार खोक्यांना सोनेरी छपाई सांगितली. पुढच्या बाजूला हिचा चेहरा. पॅकिंगच्या मावशींना पेढे वाटणार होतो, पण म्हटलं, ऑर्डर हातात येऊ दे.

काल रात्री समाधानाने झोपलो होतो. पहिल्यांदाच ही म्हणाली, "लगेच झोपू नका, जरा गप्पा मारू." मी म्हटलं, उद्या.

शनिवार, १ मार्च

काहीतरी बिनसलंय.

पाचच दिवसांत वर्तुळं परत. नुसती परत नाहीत, राहिलेलं भाडं वसूल करायला आल्यासारखी. ही सकाळी दुधाचं पातेलं फ्रिजऐवजी कपड्यांच्या कपाटात ठेवत होती.

खोके छापून आले. त्यावरची बाई टवटवीत आहे. घरातली नाही. दोघी शेजारी ठेवल्या तर मॅडम म्हणतील, ही कोण?

सोमवार, ३ मार्च

आज लॅबमध्ये आवाज चढवला. चढवायला नको होता असं आता वाटतंय, पण चढवला.

"घाणा बदललात?"

"नाही."

"तेल दुसऱ्याकडून घेतलंत?"

"नाही साहेब. वहीत आहे सगळं."

"वही मला नका दाखवू! हिचा चेहरा दाखवा. चौदा तारखेला तो उजळला नाही तर पंधराला मी या लॅबला कुलूप घालीन आणि किल्ली तुमच्या हातात देऊन रामराम म्हणेन."

बाईंनी ड्रॉपर खाली ठेवला. "एक विचारू? घरी वहिनींची झोप कशी होते?"

"उत्तम होते. मी शेजारीच असतो ना."

"तुम्हाला कसं कळतं?"

"बाई, माझे कान झोपत नाहीत. ती रात्री कुशीवर वळली तरी मला कळतं."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "मी वहिनींशी एकदा बोलते."

"बोला. पण चेहरा बोलला पाहिजे."

काचेपलीकडे पॅकिंगच्या मावशी कामं थांबवून बघत होत्या. त्यातली एक, सगळ्यात जुनी, मोठ्याने म्हणाली, "साहेबांनी आधी आरशात बघावं." इतर हसल्या. मी ऐकलं. मी सगळं ऐकतो. आरशात बघितलं. ठीकच आहे. डोळ्यांखालच्या पिशव्या जबाबदारीच्या आहेत.

गुरुवार, ६ मार्च

सुधारणा! कालपासून हिच्या गालावर रंग आहे. आज जास्त. मी घरातच आहे, दौरा नाही, हवापालट नाही. म्हणजे शंकाच नको, मलम थोडं अडखळलं होतं, आता स्थिरावलं. नवीन मालाचं असं होतं, मोटारगाडीचंही होतं.

ही मलम आता मनापासून वापरते असं दिसतं, डबी निम्म्याच्या खाली गेली आहे.

दुसरी एक छोटी गोष्ट, नोंद म्हणून. अडगळीच्या खोलीचं दार गेली पाच वर्षं असं करकरायचं की शेजारी दचकायचे. आज सकाळी उघडलं तर चकार शब्द नाही. हवा कोरडी झाली की लाकूड आपोआप सुधारतं. आत हिने गादी, उशी आणि गजराचं घड्याळ नेऊन ठेवलंय. पाहुणे येणार असतील.

रात्री जाग आली तेव्हा शेजारची जागा गार होती. विचारलं तर म्हणाली, पाणी प्यायला गेले होते. हल्ली फार पाणी पिते. तेही त्वचेला चांगलंच.

मंगळवार, ११ मार्च

चेहरा आता खोक्याच्याही पुढे गेला आहे. फोटोवाल्याने 'नंतर' काढला, एकाच प्रयत्नात. म्हणाला, "मॅडम, तुमच्या धाकट्या बहिणीचा काढला असं समजतो." ही हसली. किती दिवसांनी हसली ते वहीत नाही.

संध्याकाळी ही स्वयंपाकघरातून फोनवर बोलत होती. भिंतीआडून ऐकलं. "हो, सात तास. काल पण... दोनदा येऊन बघते, तेवढंच... नाही हो, त्यांना पत्ताच नाही. चौदाला कळेलच."

पलीकडे लॅबवाल्या बाई होत्या. मला काय समजायचं ते समजलं. ऑर्डर मिळाली की माझा सत्कार ठरतोय. आश्चर्याचा धक्का द्यायचाय मला! मी काही ऐकलंच नाही असं दाखवतोय. नवा सदरा शिवायला टाकला.

शुक्रवार, १४ मार्च

मॅडम दहाला आल्या. सपाट चपला, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. मी गेटवर नव्या सदऱ्यात उभा. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि बरोबरच्या माणसाला विचारलं, "'आधी'वाले हेच का?"

मी हसलो. मोठी गिऱ्हाइकं विनोद करतात तेव्हा आधी हसायचं आणि मग समजून घ्यायचं.

हिला खिडकीशी बसवलं. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी धरले, हिची हनुवटी अलगद वळवली. काचेपलीकडे नऊच्या नऊ मावशी.

"हे दिव्यांनी केलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "फरक खरा आहे. नोंदी?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. बाईंनी वही पुढे ठेवली. मॅडमनी वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, बातम्या वाचतात तशी.

"चार ते चौदा फेब्रुवारी. झोप सरासरी साडेतीन तास. फरक नाही. पंधरा ते तेवीस फेब्रुवारी. झोप साडेसात तास. वर्तुळं फिकी, त्वचेत ओल वाढलेली. शेरा: साहेब दौऱ्यावर." त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "चोवीस फेब्रुवारी ते तीन मार्च. झोप तीन तास. वर्तुळं परत. शेरा: साहेब घरी. चार मार्चपासून. झोप सात तास. ठळक सुधारणा. शेरा: वहिनी अडगळीच्या खोलीत."

काचेपलीकडे कुणाला तरी ठसका लागला.

"मलम किती दिवस लावलंत?" मॅडमनी हिला विचारलं.

"पाच दिवस."

"डबी तर संपत आलीय."

"बिजागरीला लावते. अडगळीच्या दाराच्या. फार करकरायची."

"मग?"

"आता अजिबात वाजत नाही."

मॅडमनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

मी म्हणालो, "एक मिनिट. मी घोरतो असं म्हणायचंय का तुम्हाला?"

बारा बायकांनी आणि एका माणसाने उत्तर न देणं किती मोठं असतं ते आज ऐकलं.

"अगं, तू मोटर म्हणायचीस!"

"मोटर तुम्ही म्हणालात. मी फक्त जुनी आहे म्हटलं."

"स्पष्ट सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात. तुम्ही म्हणालात, ज्याचे कान जागे तो घोरेल कसा? आणि आठ दिवस गप्प बसलात. ते आठ दिवससुद्धा रात्री बोलतच होतात म्हणा."

यावर मॅडम हसल्या. मग वही मिटून मला म्हणाल्या, "निशाकांती नको. दोनशे दुकानं राहू द्या, दोनसुद्धा नाही. आठ तास एका बोटावर म्हणता आणि तुमचीच वही सांगते की आठ तास उशीवरच काढावे लागतात."

दुसरी शेड माझ्या डोळ्यांसमोर बंद झाली. कुलूप लागलं, शटर खाली आलं, मावशी डबे घेऊन निघाल्या. मी आयुष्यात अशी हजार दारं तोंडावर आपटून घेतली आहेत, पण त्यातल्या एकाही दारामागे माझी स्वतःची माणसं नव्हती.

जिभेवर नेहमीची वाक्यं आली होती. एकही बोललो नाही. एवढंच म्हटलं, "मलम वाईट नाहीये, मॅडम. ओल धरतं. ते बाईंनी मोजलंय, तेही वहीतच आहे. फुगवलं मी."

मॅडमनी वही पुन्हा उघडली. मागची पानं वाचली, या वेळी मनात. मग लॅबवाल्या बाईंना विचारलं, "कारागीर रात्रपाळीला येतो, हे वाक्य कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या.

"हे खोक्यावर टाकाल? साधा खोका, साधी डबी, सोनं नको. 'त्वचा झोपेत दुरुस्त होते, मलम तिला ओल देतं.' किंमत एकशे वीस. वीस दुकानांत सहा महिने ठेवून बघते. पुढचं पुढे."

वीस म्हणजे दोनशेच्या आकड्यातलं एक शून्य गेलं. पण वीस दुकानांनी नऊ बायकांना आठवड्याचे पाच दिवस काम मिळतं. ते मी उभ्या उभ्या मनात करून पाहिलं होतं.

"ठेवा," म्हटलं.

सत्कार झाला नाही.

शनिवार, १५ मार्च

लॅबमध्ये गेलो. कुलूप घालायचा दिवस आजचा ठरला होता. बराच वेळ बाटल्यांवरची लेबलं वाचत उभा राहिलो.

"वही चांगली ठेवलीत," शेवटी म्हणालो.

"तुमचाच नियम, साहेब."

"भिंत पुन्हा रंगवावी म्हणतो."

"राहू द्या. उपयोगी आहे." मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक छोटी वस्तू काढून टेबलावर ठेवली, बोटाएवढी. "हे नोंदींबरोबरचं आहे. सत्तावीस फेब्रुवारीच्या रात्री वहिनींनी केलेलं रेकॉर्डिंग. मॅडमना दिलं नाही. हे मलमाबद्दल नाही. तुम्ही डॉक्टरांना ऐकवा. तुमचा श्वास मध्येच थांबतो."

"कुणी सांगितलं?"

"वहिनींनी. आवाजाची त्यांना सवय झालीय, म्हणाल्या. आवाज थांबला की झोप उडते. परत सुरू होईपर्यंत त्या मोजत बसतात."

दहा हजार सोनेरी खोके गोदामात रचून ठेवले आहेत. त्यांवरून ही दहा हजार वेळा माझ्याकडे बघून हसते.

घरी येऊन हिला विचारलं, "मोजत बसतेस?"

"कोण?"

"सांग ना."

"कधी वीसपर्यंत जातं, कधी तिसाच्या पुढे," ही भाजी निवडत म्हणाली. "एकदा अठ्ठेचाळीस झाले. तेव्हा मी तुम्हाला चिमटा काढला होता. तुम्ही उठून मास्तरांना शिव्या दिल्यात."

"आणि मी बाहेरगावी असलो की?"

"तिथलं ऐकू येत नाही. म्हणून झोप लागते. लाज वाटते, पण लागते."

"मग आता अडगळीच्या खोलीतून?"

"दोनदा येऊन बघून जाते. दार वाजू नये म्हणून तर ती बिजागरी."

शुक्रवार, २१ मार्च

डॉक्टर तरुण आहे, माझ्या कुठल्याही विनोदाला हसत नाही. एक रात्र दवाखान्यात अंगाला तारा लावून झोपवलं. निकाल काल दिला: तासाला अडतीस वेळा श्वास अडकतो. मी त्याला सांगितलं, चार तास झोप मला पुरते. तो म्हणाला, "तुम्ही नऊ तास पडून होतात. गाढ झोप एकूण सात मिनिटं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "त्वचेच्या धंद्यात आहात ना?" हा विनोद होता की नाही कळलं नाही, म्हणून हसलो नाही.

नाकावर लावायचं यंत्र मिळालं आहे. लावलं की मी बुडी मारणाऱ्या माणसासारखा दिसतो. काल पहिल्यांदा लावलं. ही अडगळीच्या खोलीतून तीनदा बघायला आली, कारण आवाजच येईना. सकाळी तिची वर्तुळं थोडी दिसत होती. बाई म्हणाल्या, सवय होईपर्यंत वहीत लिहीत राहू.

दुपारी ऑफिसचं दार लावून रेकॉर्डिंग ऐकलं. चार तास सहा मिनिटांचं आहे. सगळं ऐकवत नाही. आवाजाला मोटर म्हणण्यात मी मोटरवर अन्याय केला. पण एक जागा तीनदा मागे नेऊन ऐकली, कारण विश्वास बसेना.

एक तास दहा मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजतात. सपाता, वरून खाली. मग आमच्या दारावरची घंटी. मग पुन्हा घंटी, आणि पुन्हा, आणि पुन्हा. हिची चाहूल, कडीचा आवाज, आणि मास्तर.

"वहिनी, माफ करा. बाळ उठलंय हो."

"अय्या, मी बाथरूममध्ये होते. थांबा, त्यांना कुशीवर वळवते."

"नेहमीसारखं डाव्या?"

"हो, डाव्या कुशीवर जरा कमी असतं."

दार लागतं. पावलं वर जातात. हिचा दमल्यासारखा हुंकार, पलंगाची करकर.

घंटी अकरा वेळा वाजली आहे. मी उठलेलो नाही.